ठिपका नसलेली राणी

मला ज्या वर्गात मधमाश्या दाखवायला जायचं असतं तो वर्ग हमखास तिसऱ्या मजल्यावर असतो. चोवीस वर्षांत तळमजल्यावरचा वर्ग मोजून चार वेळा मिळाला असेल. खांद्याला पिशवी, पिशवीत मेणाचे तुकडे, रिकामी चौकट, जाळीची टोपी, मधाची बाटली, आणि हातात काचेची पेटी. पेटीला दोन्ही बाजूंनी काच आहे आणि आत पोळ्याची एकच चौकट उभी बसते. तिच्यावर दीड-दोन हजार माश्या. पेटी कलली की माश्या चिडतात, म्हणून जिना चढताना ती सरळ धरावी लागते. हे माझ्या गुडघ्यांना काही केल्या पटत नाही.

गेल्या वर्षापासून पेटीची एक कडी माझी लेक धरते. ती एका कचेरीत नोकरी करते, दर बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकते आणि मला शाळेत घेऊन जाते. गाडीही तीच चालवते. मी गाडी चालवणं सोडलं ते डोळ्यांमुळे, पण तिला सांगितलं की पाठ दुखते. पाठ दुखत होतीच, त्यामुळे फार मोठं खोटं झालं नाही.

डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन नाही, चष्मा नाही, औषध नाही. रोखून बघावं नेमकं तिथेच धुकं, आणि कडेने सगळं लख्ख. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टरांनी हे सगळं एका कागदावर लिहून दिलं. तो कागद मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि लेकीला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

आमच्या गच्चीवर मधमाश्यांच्या सहा पेट्या आहेत. लेक लहान होती तेव्हा मी तिला पेटी कशी बघायची ते शिकवलं होतं. ऊन पाठीमागून, खांद्यावरून यायला पाहिजे. चौकट उचलायची, थोडी तिरपी करायची आणि पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी बघायचं. राणीने अंडं घातलं असेल तर तिथे पांढऱ्या दोऱ्याचा बारीकसा तुकडा उभा केल्यासारखा दिसतो. अंडी दिसली म्हणजे राणी आहे, पेटी ठीक आहे. आणि मी तिला बजावलं होतं, "ज्या दिवशी अंडी दिसायची बंद होतील, त्या दिवशी पेटी उघडायची बंद करायची. मग ती कुणीही असो." मीच बोलले होते हे. तेव्हा मला केसाला फुटलेला फाटासुद्धा दिसायचा.

अंडी दिसायची बंद होऊन मला आता दीड वर्ष झालं. मी पेट्या उघडते. वासावरून आणि आवाजावरून पुष्कळ कळतं. राणी नसलेल्या पेटीचा आवाजच वेगळा असतो, एखाद्या आजारी माणसाच्या कण्हण्यासारखा. शिवाय राणीच्या पाठीवर आम्ही पांढऱ्या रंगाचा ठिपका देतो, म्हणजे मुलांना ती पटकन सापडते. तो ठिपका मला दिसतो. मात्र त्यासाठी दुसरीकडेच बघावं लागतं, म्हणजे तो कडेने डोळ्यात येतो. मुलांना वाटतं आजी खिडकीबाहेर बघतेय.

हो, आजी. आधी मला माशीमावशी म्हणायचे, आता माशीआजी म्हणतात. मधे कुणी काही कळवलं नाही.

मला शाळांत पाठवतं ते मुलांसाठीचं एक विज्ञान केंद्र. तिथल्या मुख्य बाई नव्या आहेत, तरुण आहेत आणि माझ्याशी फार गोड बोलतात. गोड बोलायला लागल्या तेव्हाच मी ओळखलं. "तुम्ही किती दगदग करता," म्हणाल्या. "आता एक छान फिल्म करू या का तुमची? मुलं ती बघतील. तुम्हाला आराम." मी म्हटलं, फिल्ममधली माशी चावत नाही, मग मुलं ऐकतील कशाला? त्या हसल्या. मग म्हणाल्या, बरं, या वर्षीचे शाळांचे अभिप्राय बघू आणि ठरवू. एकही तक्रार नको, एवढंच. अभिप्राय म्हणजे एक छापील कागद. सत्र संपलं की वर्गशिक्षिकेने त्यावर खुणा करायच्या. मुलांना आवडलं का. सुरक्षित वाटलं का. माहिती अचूक होती का.

या वर्षीचे अकरा कागद झाले होते, सगळे स्वच्छ. हा बारावा आणि शेवटचा. हा एक पार पडला की पुढचं वर्ष पक्कं होतं. ते मला का हवं होतं, असं विचाराल तर सांगते. या कामात मी थकून जाते. तीच वाक्यं, तेच विनोद, तोच तिसरा मजला. घरी आले की चप्पलसुद्धा काढवत नाही. पण बुधवार सोडला तर आठवड्यात मी कुणाच्या उपयोगी पडते असा दुसरा दिवस नाही. घर लेक चालवते. बाजार तीच करते, माझ्या गोळ्या तीच डबीत भरून ठेवते. बुधवारी मात्र ती माझी हमाल असते आणि मी बोलत असते.

त्या बुधवारी सकाळी आम्ही गच्चीवर दुसऱ्या नंबरची पेटी उघडली. लेकीने धुराच्या डब्याचा भाता दोनदा दाबला, झाकण काढलं आणि चौकट उचलून माझ्यासमोर धरली. मी शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं, पांढरा ठिपका कडेने दिसला. "हीच घे," मी म्हटलं. लेकीने ती लगेच काचेच्या पेटीत सरकवली नाही. क्षणभर तशीच धरून उभी राहिली.

"आई, नीट बघितलंस ना?"

"बघितलं. राणी आहे, अंडी आहेत, सगळं व्यवस्थित. उशीर करू नकोस."

तिने चौकट आत सरकवली आणि काळं कापड टाकलं.

वर्ग तिसरीचा होता. चाळीस मुलं, खडूचा आणि डब्यांचा वास. मी वर्गात कधी बसत नाही, कारण एकदा बसलं की उठवत नाही. पेटी टेबलावर ठेवून, टेबलाला टेकून मी सुरुवात केली. कापड काढण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐकायला लावायचं, ही माझी जुनी युक्ती. चाळीस मुलं गप्प झाली की पेटीतली गुणगुण खोलीभर ऐकू येते. मग एखादं मूल घाबरून म्हणतं, त्या बाहेर येतील का? या वेळीही म्हणालं. मी नेहमीचं उत्तर दिलं, "तुम्ही इतका वेळ गप्प बसलात ते बघून त्याच घाबरल्यात."

मग कापड काढलं आणि पुढचं सगळं आपोआप तोंडातून येत गेलं. कामकरी माशी जन्मली की पहिलं काम घर झाडायचं. मग पिल्लांना भरवायचं. मग मेणाचं बांधकाम. मग दारावर पहारा. आणि शेवटी बाहेर, फुलांवर. ऐन हंगामात सहा आठवड्यांत तिचे पंख झिजतात, कडा फाटतात आणि एक दिवस ती बाहेर जाते ती परत येत नाही. इथे वर्गशिक्षिका बहुतेक वेळा पुढे येऊन म्हणतात, बघा मुलांनो, आपणही असंच कष्टाळू व्हायचं. याही म्हणाल्या. माश्यांवरून माणसांना धडे देणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. फाटक्या पंखांनी मरायचं यात कसला धडा? पण कागदावर खुणा त्यांनीच करायच्या असतात, म्हणून मी मान डोलावली.

नर कसा ओळखायचा तेही सांगितलं. लठ्ठ, आणि डोळे एवढे मोठे की डोक्यावर एकमेकांना भिडलेले. राणी कशी ओळखायची? लांब पोट, आणि पंख त्यावर आखूड पडतात. मग माझा हुकमी विनोद.

"एका घरात राण्या किती?"

"एक!"

"आणि दोन झाल्या तर?"

मी हात झाडून कुस्तीचा पवित्रा घेते आणि मुलं ओरडतात, "मारामारी!"

हे अगदी खरं नाही, मला ठाऊक आहे. राणी थकली, की कधी कधी माश्या गुपचूप दुसरी वाढवतात आणि दोघी, मायलेकी, काही दिवस एकाच पोळ्यावर राहतात. मी आयुष्यात दोनदाच बघितलंय. पण तिसरीच्या मुलांना इतकं सांगत बसलं तर मारामारीची मजा जाते. म्हणून मी ते गाळते.

मग पाच-पाच मुलांना काचेजवळ बोलावलं. पांढरा ठिपका शोधा. सापडला की आरडाओरडा नाही, फक्त बोट दाखवायचं. पाच जणांचा सहावा गट होता बहुतेक. चौघं ठिपका शोधून जागेवर गेली, पाचवी मुलगी हलेना.

"आजी, दुसरीपण आहे."

"दुसरी काय?"

"दुसरी राणी. हिच्यावर ठिपका नाही."

वर्गशिक्षिका मागून म्हणाल्या, "हिचं नाव आम्ही प्रश्नावली ठेवलंय. हिला एक उत्तर दिलं की हिचे तीन प्रश्न तयार."

मुलं हसली. मीही हसले. "नर असेल तो, बाळा. लठ्ठ असतो ना."

"नर नाही. नराचे डोळे वर चिकटलेले असतात, तुम्हीच सांगितलं. हिचे नाहीत. हिचं पोट लांब आहे. पंख इथपर्यंतच आहेत." तिने काचेवर बोट ठेवलं.

मी त्या बोटाकडे बघितलं. बोटाच्या जागी धुकं. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, तेव्हा कडेने तपकिरी हलणारं काहीतरी दिसलं, बाकी काही नाही. लेक खिडकीशी काळ्या कापडाची घडी घालत होती. तिचे हात थांबलेले मला कळले. चाळीस मुलं माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि तो छापील कागद टेबलाच्या कोपऱ्यावर पडला होता.

"एकच आहे," मी म्हटलं.

"पण ती बघा ना, आत्ता त्या ठिपकेवालीच्या शेजारी..."

"मी चोवीस वर्षं माश्या बघतेय. तू दहा मिनिटं."

वर्ग खदखदून हसला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "आजींना सॉरी म्हण आणि जागेवर बस." ती सॉरी म्हणाली. तिचा चेहरा मला दिसला नाही. आवाज ऐकू आला, तेवढा पुरे होता.

उरलेल्या मुलांनी ठिपका शोधला. कुणीही दुसरं काही दिसल्याचं सांगितलं नाही. सगळ्यांना काडीवर घेऊन मध चाखायला दिला. प्रश्नावलीने, मला वाटतं, घेतला नाही. वर्गशिक्षिकांनी कागदावर सगळीकडे "उत्तम" अशी खूण केली, खाली सही ठोकली आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी नक्की या. मी कागद चार घड्या घालून खिशात ठेवला.

आम्ही पेटी घेऊन खाली आलो. लेकीने पेटी गाडीत मागे ठेवली, पट्ट्याने आवळली आणि पुढे येऊन बसली. किल्ली लावली नाही.

"दोन आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"राण्या. दोन आहेत. त्या मुलीने बरोबर बघितलं. दोन आठवड्यांपूर्वी मी बघितली पहिल्यांदा. आज सकाळीही त्याच चौकटीवर होती."

माझं डोकं फिरलं. "मग मला सांगायला काय झालं होतं? चारचौघांत माझी शोभा झाली असती!"

"तुझी झाली नाही ना. तिची झाली."

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. "मुलं विसरतात," मी म्हटलं. "उद्या सकाळी तिच्या लक्षातही नसेल."

लेक समोरच्या भिंतीकडे बघत होती. "मी आठ वर्षांची होते. गच्चीवरच्या कोपऱ्यातल्या पेटीतल्या माश्या दाराशी लोंबायला लागल्या होत्या. मी तुला सांगायला आले, की आई, या निघून जाणारेत. तू काय म्हणालीस आठवतंय?"

आठवत नव्हतं. पण काय म्हणाले असेन ते मला कळलं.

"तू म्हणालीस, तू माझ्यापेक्षा जास्त बघितलंयस का? दुसऱ्या दिवशी माश्या उडून गेल्या. सगळ्या. तू दिवसभर शोधत फिरलीस. त्यानंतर आई, तुझ्या पेटीत काही दिसलं तर तुला सांगायचं मी सोडून दिलं. मी नुसती विचारते, नीट बघितलंस ना. तू म्हणतेस, बघितलं. मग मी कापड टाकते."

रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि मागे पेटीतल्या माश्या जरा वाढल्या आवाजाने गुणगुणल्या.

"आणि तुझा तो कागद मी केव्हाच वाचलाय," ती म्हणाली. "पीठ रोज मीच काढते. डब्याखाली ठेवायचं डोकं तुला कुणी दिलं?"

मला हसू आलं. खरं म्हणजे रडू यायचं होतं, पण मधेच हसू आलं आणि दोन्ही धड झालं नाही. मला लाज वाटली. डोळ्यांची नाही, डोळ्यांचा काय दोष. दीड वर्ष मी माझ्या लेकीला माझ्याशी खोटं वागायला लावलं, याची वाटली. आणि त्या वर बसलेल्या पोरीची वाटली. जे दिसतंय ते दिसतंय म्हणून सांगायची तिला अजून सवय होती. ती मी पाच मिनिटांत मोडून आले होते, आणि सगळा वर्ग हसवून.

"पेटी काढ," मी म्हटलं.

"आई, तीन जिने आहेत."

"मला माहीत आहे किती आहेत. काढ."

"आणि तो अभिप्राय?"

मी दार उघडून खाली उतरले.

दुसऱ्यांदा चढताना मी प्रत्येक मजल्यावर थांबले. दुसऱ्या मजल्यावर तर पायरीवरच बसणार होते, पण लेकीने कडी सोडली नाही आणि मी बसले असते तर पेटी कलली असती. म्हणून उभ्या उभ्याच श्वास घेतला. माझ्या मनात तेव्हा काही थोर विचार नव्हते. परत फिरावं असं दोनदा वाटलं. वर जाऊन काय मिळणार, एवढंच मनात येत होतं. खिशातला कागद चालताना कुरकुरत होता.

वर्गात गणित चाललं होतं. वर्गशिक्षिका दचकल्या. "काही राहिलं का?"

"हो," मी म्हटलं. "दहा मिनिटं द्या."

पेटी पुन्हा टेबलावर ठेवली. मुलांना वाटलं पुन्हा मध मिळणार. मी टेबलाला टेकले आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा वर्गासमोर काय बोलायचं ते मला पाठ नव्हतं.

"मघाशी मी चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "या पेटीत दोन राण्या आहेत. तुमच्या प्रश्नावलीला दिसली ती राणीच आहे. मला दिसली नाही, कारण माझे डोळे गेलेत. म्हणजे पूर्ण नाही, पण बारीक काही दिसत नाही. बराच काळ दिसत नाहीये. आणि दिसत नाही असं म्हणायच्या ऐवजी मी हिला हसले. ते चूक होतं. सॉरी तिने म्हणायला नको होतं, मी म्हणायला हवं होतं. सॉरी."

कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग आता मारामारी होणार?"

"नाही. ते मी अर्धवट सांगितलं होतं. दोन नव्या राण्या एकदम जन्मल्या तर होते मारामारी. पण जुनी राणी थकली की माश्या तिची लेक वाढवतात. मग कधी कधी दोघी राहतात, काही दिवस, एकाच पोळ्यावर. भांडत नाहीत."

"का नाही भांडत?" हा आवाज मी ओळखला. प्रश्नावली जागेवरून उठली नव्हती.

"नाही माहीत, बाळा. खरंच नाही माहीत."

वर्गशिक्षिका माझ्याजवळ आल्या. मी खिशातला कागद काढून, घड्या उलगडून त्यांच्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हटलं, "माहिती अचूक होती का, तिथली खूण बदला. आणि खाली डोळ्यांचंही लिहा."

"अहो, राहू दे हो. मुलांच्या काय लक्षात राहतं?"

"बदला. केंद्रात मला कारणं सांगत बसायची नाहीत."

त्या घुटमळल्या. मग पेन काढलं. पेन कागदावर खरडल्याचा आवाज मी ऐकला. एवढ्याशा खुणेला एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. पुढचं वर्ष गेलं, एवढं मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. टेबल धरून मी लेकीला म्हटलं, "पुढचं तू सांग."

"मी?"

"तुला दिसतंय ना? मग सांग."

लेक पुढे आली. तिने घसा खाकरला, पदर नाही म्हणून ओढणी सारखी केली, आणि सुरुवातच चुकीची केली. म्हणाली, पोळ्यात खोल्या असतात. मी कधी खोल्या म्हणत नाही, घरं म्हणते. माझ्या जिभेवर आलं होतं, मी गिळलं. मग ती काचेवर बोट ठेवून सांगायला लागली की कुठल्या खोलीत अंडं आहे, ते कसं उभं आहे, तीन दिवसांनी कसं आडवं पडेल. मुलं पुढे सरकली. ती हळू बोलत होती, माझ्यासारख्या नकला करत नव्हती, विनोद तर तिला येतच नाहीत. तरी मुलं ऐकत होती.

मला बसायचं होतं. बसायला खुर्ची एकच होती आणि ती वर्गशिक्षिकांची. तेवढ्यात डाव्या बाजूच्या बाकावर दप्तर सरकवल्याचा आवाज झाला.

"इथे जागा आहे," प्रश्नावली म्हणाली.

बाक बुटकं होतं. मी त्यावर कशीबशी बसले. गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. ती मला चिकटूनच बसली होती, तिच्या केसांना तेलाचा वास येत होता. लेक तिकडे दोन राण्यांबद्दल बोलत होती. मला टेबलावर नुसता काळपट चौकोन दिसत होता.

"आजी," ती माझ्या कानाशी कुजबुजली, "जुनीचं पुढे काय होतं?"

मुलांना सांगायची अशा प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे तयार असतात. पण आता तिला तयार उत्तर द्यायचं धाडस मला झालं नाही. "अंडी कमी कमी होत जातात," मी म्हटलं. "मग एक दिवस दिसत नाही."

"तिला कुणी मारतं?"

"बहुतेक नाही. कुणी बघितलेलं नाही."

ती मग मान उंचावून पुढे बघायला लागली.

"आत्ता काय चाललंय?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही दिसत?"

"नाही. तू सांग."

"नवी खाली गेलीये. एका घरात पोट घालून बसलीये. ताई म्हणतायत ती अंडं घालतेय."

"आणि ठिपकेवाली?"

"ती वर आहे, कोपऱ्यात. काही करत नाहीये." तिने माझ्या मनगटाला हात लावला. "थांबा. एक छोटी माशी तिच्याजवळ आली. तोंडाला तोंड लावतेय. आजी, ती तिला भरवतेय."

"नीट बघितलंस ना?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "अजून एक आली."